मार्चमधल्या शर्वरीचा वास

हिशेब मांडला तर त्या व्यवहारात शर्वरी इंगवलेला तोटा कुठं दिसतच नव्हता. मिळणार होता आंबोलीच्या जंगलातला पावसाळ्याचा आख्खा हंगाम, जो सलग दोन वर्षं तिच्या हातून निसटला होता. शिवाय वडलांच्या नखांनी उजव्या दंडावर उठलेले ओरखडे भरून यायला सवड, आणि खाली बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून, गरम जेवण. देणं म्हणाल तर मानेवरून नि काखेतून कापसाचे सहा बोळे फिरवून बाटलीत घालायचे. एवढ्यावर सौदा मोडणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचा होता, आणि शर्वरी तर गुळाच्या अडत्याची मुलगी.

तो अडत्या म्हणजे आबा, दत्ताजीराव इंगवले. पन्नास वर्षं गूळ बाजारात बसलेला माणूस. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडायच्या आधी नुसतं नाक लावून ते सांगायचे, हा कुठल्या पट्ट्यातला, चुना किती पडलाय, रसायन मारलंय की नाही. ऐंशी ओलांडल्यावर त्यांची आठवण गेली. आधी नावं गेली, मग चेहरे, मग घरातल्या खोल्यासुद्धा. नाक मात्र शाबूत राहिलं. घास भरवायला कुणी वाकलं की ते मानेजवळ नाक नेत, एक लांब श्वास घेत आणि मग निकाल देत. शर्वरी असली की "शरी" म्हणून तोंड उघडत. दुसरं कुणी असलं की ताट भिंतीवर. तीन मदतनीस बायका आल्या आणि गेल्या. तिसरी जाताना म्हणाली, "तुमचं वडील मानसाला बगत न्हाईत ताई, प्रत ठरवत्यात." भाऊ संग्राम टोरांटोला. तो दर शनिवारी पडद्यावर येऊन "ताई, तू आहेस म्हणून" एवढं म्हणायचा आणि वाक्य अर्धंच सोडायचा. पुढचं अर्धं शर्वरीनं निस्तरायचं.

शर्वरी कीटकशास्त्रज्ञ. मुंगीचं सोंग घेणारे किडे हा तिचा विषय. अशा सोंगाड्यांतला कोळी पुष्कळांनी पाहिलेला असतो. पाय आठ, पण पुढचे दोन वर धरून मुंगीच्या मिशांसारखे हलवत चालतो, म्हणून पक्षी त्याला मुंगी समजून सोडून देतात. प्रार्थनाकीटकाची पिल्लंही लहानपणी हीच युक्ती करतात. पण ही झाली डोळ्यांची फसवणूक, आणि खुद्द मुंगी डोळ्यांवर विसंबत नाही. प्रत्येक मुंगीच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. त्या मेणाचं मिश्रण दर घरट्याचं वेगळं, घरोघरच्या मसाल्यासारखं. दारावरची मुंगी मिशा लावून ते मिश्रण तपासते. जुळलं तर आत, नाही तर तुकडे. त्याच घरट्यात जन्मलेली मुंगी महिनाभर बाहेर ठेवून परत सोडली तर तिचीच भावंडं तिला फाडतात.

आंबोलीत पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांमध्ये शर्वरीला एक भुंगेरा सापडला होता. तिळाएवढा. मुंग्यांच्या घरात राजरोस राहायचा आणि मुंग्याच त्याला भरवायच्या. त्याच्या पाठीवरच्या खाचांत एक यीस्ट राहतं आणि तेच घरट्याचा वास गाळून देतं, हा तिचा शोध. हे यीस्ट शिकाऊ होतं. ज्या घरट्यात जाईल तिथला वास चार-सहा दिवसांत उचलायचं.

माणसाच्या अंगाचा वासही असाच कातडीवरचे जिवाणू तयार करतात. पुण्याच्या एका कंपनीनं दोन्ही गोष्टी जोडल्या आणि लेप काढला. एका माणसाच्या वासावर शिकवलेलं यीस्ट दुसऱ्याच्या अंगावर वाढवायचं. तान्ह्यांना आणि आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांसाठी. चाचणीची परवानगी मिळाली तेव्हा यादीत पहिलं नाव दत्ताजीराव इंगवले यांचं होतं. शोध लावणारीच्या वडलांना रांग कसली?

तेजल चौगुले कामाला आली ती मार्चमध्ये. वय चोवीस, नवरा ट्रकवर, महिनोन्महिने बाहेर. चार महिन्यांची मुलगी मनवा गडहिंग्लजजवळच्या खेड्यात तेजलच्या आईपाशी, सुवर्णाकाकूंपाशी. तेजलला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याला वर्षभराच्या सेवेचा दाखला लागत होता.

"म्हंजे ताई, मी तुमचा वास लावायचा?" बाटली उजेडात धरत तिनं विचारलं.

"लावायचा नाही गं, पोसायचा. दही विरजतो तसं."

"आन् माझा?"

"तुझा कुठं जातोय? खाली असतोच की."

तेजल हसली. "बरं हाय. सासूला सांगतो, मी आता डॉक्टरीण झालो. निदान वासानं."

कंपनीच्या पत्रकात एक सूचना होती. आठवड्यातला एक दिवस लेप धुऊन टाकायचा आणि अंग मोकळं ठेवायचं, म्हणजे मूळच्या जिवाणूंना डोकं वर काढता येईल. तो दिवस रविवार ठरला. रविवारी तेजल साबणानं अंग धुऊन गावी जायची, दिवसभर पोरीला छातीशी घ्यायची, सोमवारी परत यायची. सोमवारी सकाळी आबा कुरकुरत. मंगळवारपर्यंत तेजलच्या मानेला नाक लावून "शरी" म्हणत. पहिल्यांदा त्यांनी तसं म्हटलं तेव्हा शर्वरी दारात उभी होती. तिला आनंद झाला. आनंदाच्या खाली आणखी काहीतरी हललं, पण जंगलाच्या हंगामाची तयारी करायची होती.

जूनमध्ये अडचण आली ती रविवारची. शर्वरी आंबोलीत, मग रविवारी आबांना भरवायचं कुणी? एक रविवार शेजारणीला बसवून पाहिलं, तर आबा दिवसभर उपाशी राहिले आणि रात्री ताप चढला. शर्वरीनं फोन लावला.

"तेजल, एक विचारू? रविवारी लेप नाही काढला तर? गावाला जा तू, पंधरा दिवसांनी एकदा, आबांना दुपारचं भरवून, रात्रीच्या जेवणाला परत ये. पण अंगावर असू दे."

"पत्रकात तर..."

"पत्रक मीच लिहिलंय गं. ते जास्तीची काळजी म्हणून असतं."

पत्रक तिनंच लिहिलं होतं हे खरं. जास्तीची काळजी हे मात्र तिनं त्याच क्षणी ठरवलं. तेजल म्हणाली, "बरं ताई. आबांचे हाल मलाबी बगवत न्हाईत."

जुलैत तिचा फोन आला. "ताई, मनवा अंगावर प्यायची बंद झाली. तोंड फिरवतीया."

"दात येत असतील. वरचं सुरू कर. नाचणी दे."

ऑगस्टमध्ये पुन्हा. "काल म्हशीनं लाथ घातली. माझ्या हाताला पान्हाच सोडंना. लग्नाआधी मीच काढत हुतो तिचं दूध."

शर्वरी हसली. "म्हशीला पण रुसवे येतात का गं आता?"

त्याच आठवड्यात तिनं एक प्रयोग केला होता. मुंग्यांच्या घरात वाढलेला भुंगेरा चिमट्यानं उचलून बाहेर राहणाऱ्या त्याच्याच जातीच्या भुंगेऱ्यांत सोडला. ते सगळे उधळले. काही तर पानाच्या कडेवरून खाली पडले. त्यांच्या लेखी ती मुंगी होती. पाहुणा दोन दिवस त्यांच्या मागं फिरला, तिसऱ्या दिवशी एका जागी बसून राहिला. शर्वरीनं वहीत सगळं टिपलं, शेजारी उद्गारचिन्ह काढलं आणि चहा प्यायला गेली.

सप्टेंबरअखेर ती घरी आली. आबा सोप्यात झोपाळ्यावर, तेजल दूध-भाकरी कुस्करून भरवतेय. आबांचे गाल भरले होते. अंगावर इस्त्रीचा सदरा. शर्वरीचे डोळे भरून आले. पिशवी तशीच टाकून ती वाकली, मान पुढं केली.

आबांनी श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग त्यांच्या तोंडावरचं सगळं रक्त उतरलं आणि त्यांनी तिची वेणी मुठीत धरून हिसडा दिला.

"कुणाचा माल ह्यो? रसायन मारलंय! परत पाठवा, आत घेऊ नगा!"

"आबा, मी शरी..."

"शरी हितं हाय!" ते ओरडले आणि तेजलच्या पाठीमागं लपले. आयुष्यात कुणापुढं दबला नाही असा माणूस, चोवीस वर्षांच्या पोरीचा पदर धरून, कापत.

"आबा, न्हाई, आपल्याच हायत. आपल्या हायत ओ," तेजल त्यांना थोपटत म्हणत होती.

शर्वरी न्हाणीघरात जाऊन फरशीवर बसली. विज्ञानाच्या लेखी यात काही नवल नव्हतं. चार महिने जंगल, तिथलं पाणी, तिथलं खाणं, तिथली बुरशी. कातडीवरची वस्ती बदलली होती. घरट्याबाहेर महिनाभर ठेवलेल्या मुंग्या तिनं स्वतःच्या हातानं परत सोडल्या होत्या, आणि त्यांचं काय झालं ते सेकंदांत मोजलं होतं.

दार वाजलं. तेजलनं फटीतून बाटली आत सरकवली. "ताई, लावा. तुमचाच हाय."

बाटलीवर चिठ्ठी होती: नमुना श. इंगवले, मार्च.

तिनं लावला. नवव्या दिवशी आबांनी तिला हुंगलं, मग तेजलला हुंगलं, आणि ते खूश झाले. "दोन-दोन शऱ्या! आज सौद्याला आवक लई." दोघी हसल्या. शर्वरी जरा उशिरा हसली.

आता तेजलची गरज नव्हती. शर्वरीनं सेवेच्या दाखल्यावर सही केली, वर्ष पुरं नसताना पुरं लिहिलं, लेप धुवायचा साबण दिला. "पंधरा दिवसांत सगळं उतरेल," असं सांगितलं. हे मात्र तिला खरंच वाटत होतं.

सोळाव्या दिवशी सुवर्णाकाकूंचा फोन आला. "ताई, तुमी या. फोनवर सांगन्यासारखं न्हाई ते."

आधीच लेप लावून तयार ठेवलेल्या विद्यापीठातल्या मुलीला आबांपाशी बसवून शर्वरी गावी पोचली, तेव्हा तेजल घराबाहेर, गोठ्याच्या कट्ट्यावर बसली होती. स्वतःच्या माहेरात, बाहेर. हात कोपरापर्यंत लालभडक, कातडी उललेली. काकू पोरीला कडेवर घेऊन दारात उभ्या.

"ह्या पोरीनं अंग सोलून काढलंय," काकू म्हणाल्या. "हरभऱ्याचं पीठ झालं, हळद झाली, उटणं झालं. ओव्याची धुरी दिली दोघींना एकाच खाटंखाली, बाळंतिणीला देतो तशी. काय फरक न्हाई. चार पावलांवर आली की पोर टाहो फोडतीया."

"चार महिने नीट भेट नव्हती काकू. मुलं विसरतात. येईल सवयीनं..."

"मी बी हेच म्हनत हुतो. द्या, घ्या तुमी." आणि त्यांनी मनवाला शर्वरीच्या हातात दिलं.

अकरा महिन्यांच्या त्या पोरीनं शर्वरीला जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं शर्वरीच्या गळ्याशी डोकं टेकलं आणि तिचं अंग एकदम ताठ झालं. पाठ कमानीसारखी मागं वळली. मग तो आवाज आला. रडणं म्हणता येणार नाही असा, एका सुरात, श्वास न घेता.

काकूंनी पोर परत घेतली. पोर तत्क्षणी गप्प.

"दुसऱ्या बायकांकडं जातीया ती," काकू हळू म्हणाल्या. "शेजारणीकडं जाती, दवाखान्याच्या आशाताईकडं जाती. असं रडती ते फकस्त तेजलला. आन् आता तुमाला."

शर्वरीनं पिशवीतून तपासणीचं यंत्र काढलं, मोबाईलएवढं. तेजलच्या मानेवरचा बोळा त्यात घातला. आकडे यायला सहा मिनिटं लागली. तेजलच्या कातडीवर वासाचे शंभरातले सत्त्याण्णव भाग मार्चमधल्या शर्वरीचे होते. उरलेले तीन हवेतले, म्हशीचे, साबणाचे. तेजलचं स्वतःचं काही नव्हतं. रविवारी ज्यांनी डोकं वर काढायचं होतं, त्यांना सोळा रविवार वर येऊच दिलं नव्हतं. खालची वस्ती मेली होती.

"ताई," तेजल म्हणाली, "पुण्याला बाटल्या ठेवल्यात न्हवं? माझी बी आसंल. तीवर यीस्ट शिकवायचं, मला लावायचं. झालं की."

शर्वरीनं यंत्र पिशवीत परत ठेवलं. सहा बोळे घेतले होते, ते तिचे. कंपनीच्या शीतपेटीत आबांचे होते, तिचे होते, तुलनेसाठी म्हणून शेजारणीचेसुद्धा होते. जिच्या अंगावर दुसऱ्याचा वास चढवायचा तिचा आपला वास जपून ठेवावा, हे कुणाला सुचलंच नव्हतं. चाचणीची यादी तपासणाऱ्या सात जणांना नाही, सही करणाऱ्या शर्वरीलाही नाही.

"न धुतलेलं काही आहे का?" ती काकूंकडे वळली. "काहीही. तेजलचं जुनं पोलकं, उशी, गोधडी, बाळंतपणातलं लुगडं. मार्चच्या आधीचं. एवढासा तुकडा पुरेल."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "घट बसायच्या आधी समदं धुतलं की. हिरण्यकेशीवर तीन फेऱ्या केल्या. गोधड्या, वाकळा, खोळी, एक चिंधी ठेवली न्हाई."

"एकही नाही? कोपऱ्यात, ट्रंकेत..."

"देवीच्या तोंडावर घरात मळकं ठेवत्यात व्हय?" त्या जरा रागानंच म्हणाल्या. मग त्यांना कळलं. त्या उंबऱ्यावर बसल्या, पोर मांडीवर, आणि त्यांनी आपल्याच तोंडावर हात ठेवला. दरवर्षी घटाचं धुणं त्याच करायच्या आणि गावात त्यांच्याएवढं निर्मळ कुणी धूत नसे.

मग तेजल कट्ट्यावरून उठली. डोळे कोरडे.

"ताई, तुमीच सांगितलं हुतं. किडा मुंगीच्या घरात राहून राहून त्याला घराचा वास लागतो. तर मग पोरीलाबी लागंल."

"म्हणजे?"

"मला माझा वास मिळत न्हाई तर पोरीला माझ्यात घेतो. तिला घेऊन तुमच्या घरात राहतो. आबा, तुमी, मी, समदी एका वासाची. त्यात पडली की तिला कळंल ह्योच घरचा वास."

शर्वरीनं मनात पडताळलं. बरोबर होतं. घाबरावं इतकं बरोबर. तान्ही कातडी लवकर शिकते. सहा आठवडे, फार तर आठ.

"पहिले दिवस फार वाईट जातील," ती म्हणाली. "ती थांबणार नाही."

"आत्ता थांबतीया का?"

"पोर नेणार?" काकू मध्येच म्हणाल्या. "मग मी?"

"तू बी चल आई."

"म्हैस कुनाच्या गळ्यात बांदू? आन् आठ दिसात व्यायला झालीया." काकूंनी पोरीचं नाक पदरानं पुसलं, बराच वेळ पुसत राहिल्या. "ने. आईपाशी पोर नसंल तर काय उपेग. ने."

पहिले बारा दिवस इंगवल्यांच्या घरात कुणी झोपलं नाही. मनवा रडून रडून निळी पडायची, दमून झोपायची, जाग आली की पुन्हा तोच सूर. शर्वरी खोलीच्या दाराशी बसून ऐकायची. ऐकणं टाळायचा हक्क आपल्याला नाही असं तिनं ठरवलं होतं. तेराव्या दिवशी आबा झोपाळ्यावरून उठले, पोरीच्या टाळूला नाक लावलं आणि म्हणाले, "रवा ल्हान हाय, पन माल आपलाच." पुढच्या आठवड्यात मनवा तेजलच्या पोटावर झोपली. डिसेंबरात तिनं तेजलच्या गळ्याशी तोंड खुपसून "आई" म्हटलं. तेजल तशीच, न हलता, तासभर बसून राहिली. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी.

संक्रांतीला सुवर्णाकाकू आल्या. नवं लुगडं, डोक्याला तेल, हातात तिळाचे लाडू, काळ्या कापडाचं झबलं आणि तुपाची बरणी. "कुठं हाय माझी बाय?" म्हणत त्या सोप्यात आल्या. सात महिने दिवसरात्र कडेवर वागवलेल्या नातीला त्यांनी उचललं.

मनवाचं अंग ताठ झालं. पाठ कमानीसारखी मागं वळली. तो सूर निघाला.

तिघींनाही तो पाठ होता. तेजलनं पोर घेतली आणि पोर तत्क्षणी गप्प झाली.

"म्हशीचा वास यायला आसंल मला," काकू म्हणाल्या. "चांगली चोळून आंगूळ करून आलो हुतो की."

"आई, तू राहा. आठ दिवस लेप लाव, मग बग," तेजल म्हणाली.

"आन् म्हैस?" काकू हसल्या. त्या हसण्याकडे शर्वरीला बघवलं नाही. "घरात कुनीतरी एक मला वळखाय पायजे का नगो?"

त्यांनी चहा घेतला. झबलं खुंटीला अडकवलं, पोरीच्या अंगाला लावून बघितलं नाही. तीनची एसटी त्यांनी पकडली.

आता शेवटची बेरीज. आबांना काही द्यावं लागलं नाही. ते दोन शऱ्या आणि एका लहान रव्यासकट जमेच्या बाजूला झुलत राहिले. संग्राम शनिवारी पडद्यावर येऊन "ताई, घर कसं भरल्यासारखं वाटतंय" म्हणाला. कंपनीनं पत्रकात एक ओळ वाढवली: लेप लावणाऱ्या व्यक्तीचा मूळ नमुना आधी घ्यावा. शर्वरीला वडील मिळाले, रोज सकाळी स्वतःचीच नक्कल अंगाला चोळण्याच्या बोलीवर, आणि आंबोलीचा पुढचा हंगाम तिच्या विद्यार्थ्यांच्या नावे गेला. तेजलला मूल मिळालं, दुसऱ्या बाईच्या वासात. आणि जिची सही एकाही कागदावर नव्हती, जिला कुणी बोळा लावला नव्हता, जिच्या होकाराची गरज कुणाला भासली नव्हती, त्या सुवर्णाकाकूंनी उरलेलं सगळं भरलं, आणि वर तुपाची बरणीही ठेवून गेल्या.